एक मिरॅकल फ्रूट आणि असिस्टंट मॅनेजरची खुर्ची

१४ जानेवारी २०२५, मंगळवार
रोप आलं. मिरॅकल फ्रूट, मूळचं आफ्रिकेचं. हे फळ चघळायचं आणि मग लिंबू खायचं. लिंबू चक्क गोड लागतं. पुढे तासभर आंबट काहीही खा, गोडच. नर्सरीवाल्याच्या मते रोप तीन वर्षांचं आहे, यंदा फळ धरेल. अख्ख्या चऱ्होलीत हे झाड लावणारा मी पहिला. चौकशी केलेली नाही, गरज वाटली नाही.
संकल्प: रोज सकाळी सहाला झाडाची पाहणी आणि नोंद.
सासरे आले होते. सोनबा मामा. आमचं रो-हाऊस ज्या जमिनीवर आहे ती पूर्वी त्यांचीच. त्यांनी रोप पाहून कण्हेर का लावली म्हणून विचारलं. शेतकऱ्यांची हीच अडचण. अनुभवावर फार विसंबतात. माझ्या घराण्यात कुणी शेती केली नाही, त्यामुळे माझी नजर कोरी आहे.

१५ जानेवारी, सकाळी ८.४०
थंडी होती. उद्यापासून.

२ मार्च, रविवार
या झाडाला आम्ल माती लागते असं वाचलं. व्हिनेगरची अख्खी बाटली ओतली. लोक थेंब-थेंब घालत बसतात. सतरा वर्षं चाकणच्या कंपनीत क्वालिटी तपासणीत काढल्यावर माणसाला निर्णय घेता येतो.

५ मार्च
पानं पिवळी. कंपनीत करतो तसं रीतसर कारण शोधलं, पाच वेळा 'का' विचारून. निष्कर्ष: विजयश्रीने पाणी जास्त घातलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि कुंडीतली सगळी माती बदलली. मातीला लोणच्याचा वास येतो असं काहीतरी पुटपुटत होती. बायकोला प्रत्येक गोष्टीत स्वयंपाकघर दिसतं.

२१ जून, शनिवार
भरघोस पालवी. माझी पद्धत लागू पडली. विजयश्री रोज कसलंसं कुजवलेलं पाणी घालते. घालू दे. कुणाचं मन कशाला मोडा.
कंपनीत असिस्टंट मॅनेजरची जागा भरायची आहे. अजिंक्यचं नाव ऐकू येतं. सहा वर्षांची नोकरी, पण पोराला एक्सेल येतं म्हणे. आमचे निरंजन साहेब मात्र जाणकार आहेत. फळ पिकलं की साहेबांना घरी बोलवायचं. माणसाची खोली घरीच कळते.

९ ऑक्टोबर, गुरुवार
फळं धरली. तीन. कँटीनमध्ये जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर साहेबांना आमंत्रण दिलं. बोलण्याच्या ओघात 'भरपूर' हा शब्द गेला.

१६ नोव्हेंबर, रविवार
एक बुलबुलाने खाल्लं. दुसरं व्हर्नियर कॅलिपरने मोजताना निसटलं आणि मोरीच्या जाळीतून आत गेलं. लांबी २१.४ मिलिमीटर होती, नोंद केली आहे. उरलं एक. साहेबांना आकडा कळवायचं कारण नाही. दुर्मीळ फळ किलोवर नसतं.

३० नोव्हेंबर, रविवार, सकाळी
फळ लालभडक झालंय. साहेब अकराला येतात. अजिंक्यही येतोय, कारण गाडी त्याची. बरंच झालं. समोरासमोर होऊन जाऊ दे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७
जे घडलं ते तटस्थपणे लिहितो.
चांदीच्या वाटीत फळ ठेवलं. त्याचं महत्त्व मी वीसेक मिनिटं समजावून सांगितलं. साहेबांनी फळ तोंडात टाकलं, सांगितलं तसं नीट चघळलं. मी लिंबाची फोड पुढे करणार तोच त्यांचा फोन वाजला. प्लँटला लाइन बंद पडली होती. बोलत बोलत साहेब मागच्या दाराने बाहेर गेले.
मागे कुंपणाला लागून सोनबा मामांचं एक आवळ्याचं झाड शिल्लक आहे. मामा नेमके आवळे काढत होते. पाहुणा म्हणून त्यांनी साहेबांच्या हातावर एक आवळा ठेवला. साहेबांनी फोनच्या नादात चावा घेतला आणि फोन बंद केला. मग उभ्या उभ्या पाच आवळे खाल्ले. असा गोड आवळा जन्मात खाल्ला नाही म्हणाले.
मी धावत जाऊन सांगितलं की साहेब, ही माझ्या फळाची करामत आहे. आवळा आंबटच आहे.
साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "ज्ञानदेव, दुसऱ्याच्या मालाचं श्रेय घेऊ नये."
मामांकडे पाहिलं. वाटलं, खरं सांगतील. मामा म्हणाले, "खावा सायेब, घरचंच हाय," आणि तीन किलोची पिशवी भरून दिली. अजिंक्यने ती गाडीपर्यंत नेली.

१ डिसेंबर, सोमवार
साहेबांनी सकाळच्या मीटिंगला आवळे वाटले. अकरा जणांनी एकदम चावले. साहेबांनीही. सगळ्यांची तोंडं एकदम वाकडी झाली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी उभं राहून फळातल्या, जिभेची चव बदलणाऱ्या प्रथिनाची माहिती दिली. चार मिनिटं. अजिंक्य म्हणाला, तपासणीला पाच नग पुरेसे नव्हते. साहेब हसले. जुन्या ओळखीचं हसू नव्हतं ते.

१२ डिसेंबर, शुक्रवार
दोन मेल आले. पहिला: अजिंक्य असिस्टंट मॅनेजर. दुसरा माझ्या नावाचा. सध्याचं काम सांभाळून गेटपासून कँटीनपर्यंतच्या हिरवळीची आणि एकशे चाळीस अशोकांची जबाबदारी. बागकामाची आवड लक्षात घेऊन, असं लिहिलंय. रिपोर्टिंग अजिंक्यला.
घरी आल्यावर विजयश्रीला सांगितलं. ती कुंडीपाशी बसून सुकलेली पानं काढत होती. हात न थांबवता म्हणाली, "कसं लागतं हो ते फळ?"
मी सुरुवात केली. पश्चिम आफ्रिका, प्रथिन.
"तसं नाही. तुम्ही खाल्लंय का?"
नाही. मी नाही, तिने नाही. अकरा महिने तिने पाणी घातलं, माती बदलली, आणि फळ पिकलं तेव्हा तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. हे मला आज कळलं. तेही तिने विचारलं म्हणून.
म्हटलं, चहा करतो तुझ्यासाठी. आत गेलो, आधण ठेवलं.
साखर कुठे असते, ते बाहेर येऊन तिलाच विचारावं लागलं.