बेचाळीस ओळींचा फळा

४ नोव्हेंबर

आज माझा हात सिनेमात गेला! मी नाही, फक्त हात.

शाळेवरच्या सिनेमाचं शूटिंग आमच्या शाळेत चालू आहे. त्यातल्या बाईंचं काम करणाऱ्या मॅडमना फळ्यावर सरळ लिहिता येत नाही. ओळ खिडकीपाशी सुरू होते आणि जमिनीकडे निघते. दिग्दर्शक साहेब डोकं धरून बसले. मुख्याध्यापक तत्परतेने म्हणाले, "आमच्या बाईंचं अक्षर बघा, छापल्यासारखं!" मला कुणी विचारलं नाही. तासाभरात मॅडमचा स्वेटर माझ्या अंगात, मॅडमचं घड्याळ माझ्या मनगटावर.

घरी वहिनी : "हिरॉईन आल्या का, वन्सं! आधी भांडी घासा, मग सही द्या."

६ नोव्हेंबर

पत्र आलं! मुख्याध्यापिका म्हणून नेमणूक. लहान शाळा, लांबचं गाव. वीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत रुजू व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. आणि शाळेच्या आवारातच राहायला दोन खोल्या. दोन!

इथे अठरा वर्षं स्वयंपाकघराच्या पलीकडच्या बोळात, शिलाई मशीनच्या मागे माझी खाट. दाराच्या जागी पडदा. कोणीही, कधीही — "झोपलीस का गं?"

दादा म्हणाला, "या वयात कुठे निघालीस? इथे काय कमी आहे?"

दार कमी आहे, दादा. (मनात.)

७ नोव्हेंबर

कार्यमुक्तीचं पत्र मागायला गेले. त्याशिवाय तिकडे रुजू करून घेत नाहीत. मुख्याध्यापकांनी अर्ज पेपरवेटखाली सरकवला. "शूटिंग संपेपर्यंत हा विषय नको. कंपनी आपल्याला प्रयोगशाळा बांधून देणार आहे. मी शब्द दिलाय."

शब्द तुमचा आणि हात माझा! — असं म्हणायला हवं होतं. घरी पोचल्यावर सुचलं.

१० नोव्हेंबर

आज शेवटच्या प्रसंगाचा फळा. गोष्टीतल्या बाईंना शाळेतून काढून टाकतात. जाताना त्या फळ्यावर सगळा वर्ग लिहितात : बेचाळीस मुलांची नावं आणि प्रत्येकापुढे त्याला काय चांगलं येतं ते. गुण नाहीत, नंबर नाही. कुणापुढे 'शिट्टी'. कुणापुढे 'भागाकार'. एकीपुढे 'भांडण मिटवणं'. एकापुढे 'आजीला वाचून दाखवणं'.

अडीच तास लिहीत होते. खांदा भरून आला. "कट" झाल्यावर लाइटवाला नाक पुसत म्हणाला, "धूळ फार आहे इथे."

हाताचं काम संपलं! लगेच मुख्याध्यापकांकडे धावले. तर नाही. या फळ्यासमोरचे मॅडमचे शॉट अजून आठवडाभर चालणार. मधे एक जरी ओळ पुसली गेली तर ती पुन्हा तशीच लिहायला कोण? मी! चष्मेवाली असिस्टंट फळ्याचे फोटो काढून दाराआड डकवत होती. "बाई, तुम्ही आहात म्हणून मला झोप लागते."

फळ्याखाली पाटी : हात लावू नये.

११ नोव्हेंबर

दिवसभर मागच्या बाकावर. काम एकच — जागचं न हलणं. आयुष्यभर मुलांना हीच शिक्षा केली!

संध्याकाळी शिपाई मामा ओलं फडकं घेऊन दारात. अठरा वर्षं माझा फळा तेच पुसतात. पाटी बघून थबकले. "बाई, हात शिवशिवतात हो."

"माझेही," म्हटलं. दोघंही हसलो.

१२ नोव्हेंबर

बाकावर.

१४ नोव्हेंबर

मॅडमना ताप. शूटिंग बंद. किती दिवस? "ताप उतरेपर्यंत." मुख्याध्यापकांना पुन्हा विचारलं. "फळा आहे तोवर तुम्ही आहात." जणू मलाही कुणीतरी भिंतीवर ठोकलंय.

रिकाम्या वर्गात जाऊन फळ्यासमोर उभी राहिले. अक्षर खरंच सुरेख उतरलंय, वळणं अगदी एकसारखी. स्वतःवरच खूश झाले. तेवढंच! मामा कोपरा झाडत होते. तोंड उतरलेलं. "बरं नाही का?" विचारलं. "झोप नाही झाली," एवढंच म्हणाले. वर पाहिलं नाही.

१६ नोव्हेंबर

थेट दिग्दर्शक साहेबांना गाठलं. माणूस सभ्य. खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, हा सिनेमा लोक पन्नास वर्षांनीसुद्धा बघतील. चार दिवस थांबा."

मला पन्नास वर्षं नकोत. वीस तारीख हवी आहे.

मुदतवाढीसाठी तार केली.

१८ नोव्हेंबर

"मुदतवाढ मिळणार नाही." तारेचं उत्तर तीन शब्दांचं.

वहिनीला काय वाटलं कोण जाणे, दुपारभर मशीनवर बसून माझ्यासाठी नवा पडदा शिवला. फुलाफुलांचा. "आता जरा आडोसा होईल, वन्सं." मनापासून म्हणाली. ते जास्त लागलं.

१९ नोव्हेंबर

पिशवी भरली. अडीचची गाडी, वीसला वेळेत पोचवणारी शेवटची. फाटकापर्यंत गेले! मुख्याध्यापक व्हरांड्यातून ओरडले नाहीत, हळूच जवळ येऊन बोलले. "पत्राशिवाय गेलात तर तिकडे घेणार नाहीत. आणि इथली अठरा वर्षं गैरहजेरीत जमा होतील. विचार करा." मागून असिस्टंट धापा टाकत आली. "बाई, मॅडम उद्या येतायत! एकच दिवस!"

गाडी जाताना आवाज आला. तोवर मी बाकावर परत येऊन बसले होते.

२० नोव्हेंबर

शॉट झाला. मॅडम फळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि नुसत्या रडल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फळ्याला बोटही लावावं लागलं नाही. दहा दिवसांत एकदाही नाही.

मुख्याध्यापकांनी पत्रावर सही केली, हसत हातात दिलं. घड्याळात सव्वापाच.

२१ नोव्हेंबर

कंपनीचे ट्रक गेले. मामा फडकं घेऊन आले, पण पुसेनात.

"बाई, हा फळा तुम्ही लिहिलेला नाही. तेरा तारखेला संध्याकाळी सवयीने पुसून टाकला मी. पाटी दिसली तोवर सगळा गेला होता. नोकरी गेली असती. मग दार लावलं आणि फोटो बघून सगळा लिहून काढला."

म्हणजे तेरापासून मी मामांच्या अक्षराची राखण करत बसले होते.

"तुम्हाला लिहायला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की. रोज पुसायच्या आधी वाचायचो."

मी खडू घेतला आणि पहिल्या ओळीपासून तपासत गेले. मामा हात मागे बांधून बाजूला उभे. एकही चूक नाही.