एकच खांदा फुकट

तीर्थरूप आईच्या पायांवर लेकीचं डोकं.

देवाच्या कृपेने आम्ही खुशाल आहोत. तुझ्या जावयांनी मालिशचं दुकान थाटलंय. गिऱ्हाईक फिरकेना, जाहिरात परवडेना, गाळ्याचा मालक तर कुलूप घेऊनच फिरत होता.

शेवटी मीच म्हटलं, "येणाऱ्याजाणाऱ्याचा एकच खांदा फुकट चोळा. उरलेला खांदा त्याला ओढून आणेल."

शेजारचा शिंपी हसत गेला आणि संध्याकाळी परत दारात उभा. "वहिनी, उजवा सुखात आहे, पण डावा भांडायला उठलाय!" काल बायकोला अन् मेहुण्यालाही घेऊन आला. कुलूप टळलं.

अर्धंच दान देणं पाप तर नाही ना गं? तुझी कंबर कशी आहे?

घरी येतात तेव्हा ह्यांची बोटं आखडलेली असतात. ती मी चोळून देते. दहाच्या दहा, फुकट.

तुझी काटकसरी लेक