नेम चुकल्याचं फडकं

१३ नोव्हेंबर १९६१

पोचलो एकदाचा! सासऱ्यांचं शिकारीचं खोपट मला भलतंच आवडलं. धगधगती शेगडी, दाराबाहेर वाफेनं अंघोळ करायची खोली, सौना, कॉफी कडक आणि गप्पा त्याहून कडक. लग्नानंतरची ही माझी पहिली शिकार. निघताना बायकोनं, लेंपीनं बजावलंय, बाबांनी एकदा तुला आपला म्हटलं की जिंकलास, नाहीतर जन्मभर फ्लिंट शहरातला पाहुणाच राहशील.

आल्या आल्या रायफलवरून माझी खेचायला सुरुवात. माझी टू-फॉर्टी-थ्री. उजवा खांदा जुना दुखरा, आणि हिचा धक्का कमी बसतो. मेहुणा ओनी म्हणतो, जावईबापू, हरणं मारायला आलाय की उंदीर? सासरे एर्की मात्र गंभीर. बंदूक लहान असली तरी चालेल, म्हणाले, पण गोळी हरणाची हवी, शंभर ग्रेन वजनाची. ती आत शिरून काम करते. हलकी गोळी कोल्ह्यांची. हरणाच्या खांद्यावर ती वरच्या वर फुटते, आणि बिचारं जनावर मरत नाही, नुसतं सडत हिंडतं. ते स्वतः आपल्या थर्टी-ओ-सिक्स रायफलीत एकशेऐंशी ग्रेनची घालतात. त्यांना आजवर दुसरी गोळी झाडावी लागलीच नाही, हे ओनीनं छाती फुगवून सांगितलं.

भिंतभर शर्टांचे तुकडे ठोकलेत. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, नाव लिहून खिळ्याला लावायचं, ही इथली जुनी गंमत. एका फडक्यावर काळपट डाग आहेत. ते इल्मारीकाकाचं, ओनी हळूच म्हणाला. नेम चुकला म्हणाला होता. आठवडा उलटायच्या आत झाडीत गेला तो परत आलाच नाही. त्याच दुपारी बाबांनी एका गोळीत मोठा नर पाडला होता, म्हणे. त्या नराची शिंगं भिंतीवर का नाहीत, विचारलं, तर सासरे उठून लाकडं आणायला गेले.

१५ नोव्हेंबर

उजाडल्यावर थोड्याच वेळात नर आला. काय देखणा होता! गोळी डाव्या खांद्यावर बसली. केस उडालेले मी डोळ्यांनी पाहिले. तो पडला, धडपडत उठला आणि तीन पायांवर दलदलीत शिरला. मी खिशातली गोळ्यांची पेटी काढून पाहिली. ऐंशी ग्रेन! कोल्ह्यांची! दुकानात घाईत शेजारची पेटी उचलली, गाढव मी.

जखमी केलंस तर तूच शोधायचं, तूच संपवायचं, हा इथला कायदा. पण मग सगळं बाहेर येणार. मी म्हणालो, नेम चुकला.

काय हसले सगळे! ओनीनं कात्री आणली, टर्रकन टोक कापलं. सासऱ्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, आता तू आपला झालास, पोरा.

१६ नोव्हेंबर

माझं फडकं ओलं आहे. छप्पर गळतंय वाटून हात लावला. बोटं लाल झाली. कुणाचं लक्ष नसताना धुऊन परत लावलं. जेवेपर्यंत पुन्हा ओलं.

खांदा ठणकतोय. डावा. दुखरा तर उजवा होता.

१७ नोव्हेंबर

सौनात शर्ट काढला नाही. ओनी म्हणाला, नव्या नवरीसारखा लाजतोस काय रे! हसलो कसाबसा. खांद्याची कातडी फुटली आहे, वरच्या वर. वास येतोय.

खिडकीखाली बर्फात माग आहे. तीन खूर आणि एक फरफट.

१८ नोव्हेंबर

सासऱ्यांना खरं सांगायचं ठरवलं. तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. नाकातून नुसती फुरफुर. सर्दी झाली म्हणून त्यांनी गरम कॉफी दिली. किती मायेनं दिली.

इल्मारीचं फडकंसुद्धा आज ओलं—

१९ नोव्हेंबर

त्या नरालाच शोधून संपवतो. दुसरा मार्ग नाही. कुणी हरीण समजून गोळी घालू नये म्हणून इथे सगळे घालतात तो तांबडा कोट सुजलेल्या दंडावरून चढेना, तपकिरी स्वेटरवरच निघालो.

दलदल. रक्त ताजं आहे. मागे वळून पाहिलं, माझ्या मागेही थेंब. बुटांचे ठसे कुठेच नाहीत. खूर— तीन, आणि—

नर सापडला नाही. माग संपतो तिथे मीच बसलोय. पेन्सिल धरवत नाही, बोटं चिकटल्यासारखी—

टेकाडावर तांबडा कोट. सासरे! वाचलो, देवा. हाक मारतो. फुरफुर. परत फुरफुर.

ऐकलं त्यांनी. वळले. रायफल खांद्याला लावतायत— बाबा, नको, मी आहे, मी तुमचा—