बैठकीतले काटे

झाशी
रविवार, दुपार

प्रिय शर्वरी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता शेजारच्या मेघनाकडून लिहून घेतला. आत मात्र मीच आहे, तुझी सासू. दोन वर्षांपूर्वी स्टेशनला निघताना तू म्हणालीस, या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, आणि ते पाळलंस. मुकुल दर रविवारी नागपूरहून फोन करतो आणि तू दर रविवारी नेमकी आंघोळीला गेलेली असतेस. मीही आता विचारायचं सोडलंय. पण तुझी आठवण येते. कुणाला तरी सांगायला हवं होतं, ते तुलाच सांगते.

बातमी अशी, की मी बैठकीत कॅक्टस लावलेत. हसलीस तरी चालेल. घरात काटेरी झाड आलं की भांडणं येतात, असं म्हणत तुझ्या कुंड्या गच्चीवर पाठवणारी मीच ती. तुझ्या सासऱ्यांची रेल्वे गार्डाची पेटी आठवते का, ड्यूटीवर गाडीत चढवायचे ती काळी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नाव घातलेली? ते गेल्यापासून पलंगाखाली धूळ खात होती. खंडेराव गेटजवळच्या पत्रेवाल्याकडून ती निम्मी कापून घेतली, कडा आत वळवल्या, तळाला भोकं पाडली. नाव तेवढं राहू दिलं. चांगल्या पेटीचं वाटोळं केलं म्हणून तो भैयाच माझ्यापेक्षा जास्त हळहळला.

पहिल्या खेपेला सगळं बिघडवलं. शेणखत भरपूर घातलं, आणि पूजा आटोपली की देवांच्या आंघोळीचं पाणी रोज त्यातच ओतायला लागले. तुळशीला घालायची सवय, दुसरं काय. आठ दिवसांत बुंधे पिवळे पडले, बोट लावलं तर आत गेलं. सदर बाजारातल्या नर्सरीवाल्याने मला चांगलंच झापलं. मग तो म्हणाला तसं केलं. तळाला विटांचे तुकडे, वर धुतलेली मौरंग, ती बांधकामाची जाडी लाल वाळू, आणि त्यात थोडीशी माती. रोप वर्तमानपत्राच्या घडीत धरून बसवायचं आणि आठवडाभर पाण्याचं नाव काढायचं नाही. मागे उंच लावलेत, पुढे बुटके गोल, मधे बेतवा नदीतले पांढरे गोटे. उन्हाच्या खिडकीत ठेवलंय. बोटं सोलून निघाली, पण दिसतं छान. दाखवायला कुणी नाही, एवढंच.

मेघना येते, बिचारी चांगली आहे. पण तिला मराठी नुसती समजते, बोलते ती हिंदीच, मग मीही तिच्याशी हिंदीच. दिवसभरात मराठी होते ती देवांशी आणि आता या काट्यांशी. मी कधी कुणाची वाट बघत बसणारी बाई नव्हते. आता फाटकाची कडी वाजली की उठते, आणि तो गॅसवाला असतो.

इतकं लिहिलं ते मुद्द्यावर यायला हात धजत नव्हता म्हणून. तुझं पोटातलं तिसऱ्या महिन्यात गेलं, तू आतल्या खोलीत पडून होतीस, आणि भेटायला आलेल्या मंडळातल्या बायकांसमोर मी बोलले, की सांगून थकले, घरात काटे वाढवले की हे असंच व्हायचं. दार उघडं होतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या सगळ्या कुंड्या मी कचऱ्याच्या गाडीत टाकल्या, आणि वर मला वाटलं, घर स्वच्छ केलं. तू तेव्हा भांडली असतीस तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात मुकुलने सांगितलं, तुला पुन्हा दिवस गेलेत. मी देवापुढे साखर ठेवायला उठले, तर तो पुढे म्हणाला, शर्वरी जिना उतरायलाही घाबरते, आणि बाल्कनीतले सगळे कॅक्टस तिने उचलून वॉचमनला देऊन टाकले. म्हणजे मी बोलले ते तू खरं धरून बसली आहेस. ते खोटं आहे हे दाखवायला पेटी कापून काटे घरात आणले, आणि त्यासाठीच हे पत्र. मुकुलच्या आधी माझंही एक गेलं होतं, चौथ्या महिन्यात. मुकुलला माहीत नाही. आमच्या क्वार्टरमध्ये तेव्हा तुळशीशिवाय एक रोप नव्हतं. तरी सासूबाईंनी ठरवलं, माझंच काहीतरी चुकलं, आणि पस्तीस वर्षं मी ते मानत आले. तू मानू नकोस, बाळा. तुझं काही चुकलं नव्हतं. झाडांचंही नाही. इकडे ये, असं मी म्हणत नाही, तो हक्क मी घालवला. फक्त वॉचमनकडून तुझी झाडं परत माग.

तुझीच,
मुकुलची आई