खालच्या टाकीचा दिवा

संतपूर, ता. औराद
१८ ऑगस्ट २०११

प्रिय शिवू,

टाकी सुखरूप आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. तुझे नारिंगी मासे खातात-पितात, आई जवळ गेली की काचेपाशी येतात, मी गेलो की ढुंकून बघत नाहीत. एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण त्या दिवशी तू ते सांगितलंस आणि मी फोन ठेवला, तेव्हापासून तुझ्याशी बोलायचा धीर होत नाही. लाईन तुटली नव्हती, मीच ठेवला होता. म्हणून लिहायला बसलोय. सुरुवात दिव्यापासून करतो, कारण माझ्या डोक्यातला घोळ तिथूनच वाढत गेला.

तू कोचीत समुद्राच्या काठी, आणि तुझा समुद्र आमच्या ओसरीत, ही गंमत अजून गावाला पचलेली नाही. घरमालक तिसऱ्या मजल्यावर एवढं वजन नको म्हणाला म्हणून तू नि आमचे जावई शिवप्रसाद टाकी इथं ठेवून गेलात, हे मी येईल त्याला सांगतो. शेजारच्या निंगप्पानं तर पाणी खरंच खारं आहे का म्हणून बोट बुडवून चाटून बघितलं आणि दिवसभर थुंकत बसला. वरच्या टाकीत मासे, खालच्या टाकीत ते हिरवं शेवाळ, आणि पाणी दोन्हींतून फिरत राहतं. माशांची घाण ते खातं आणि पाणी निर्मळ ठेवतं, एवढं तू समजावलं होतंस. मी त्याला खालचं शेत म्हणतो. तर गेल्या महिन्यात व्होल्टेज एकदम चढलं आणि त्या शेतावरचा दिवा गेला.

मला वाटलं, दिवा म्हणजे काय, एक काढायचा, दुसरा बसवायचा. औरादच्या दुकानात गेलो तर तो विचारतो, पिवळा पाहिजे का पांढरा, वॅट किती. मी म्हणालो, शेवाळाला पाहिजे. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी काही न घेताच बाहेर पडलो. तोवर शेवाळ उपाशी राहू नये म्हणून मंडपवाल्याचा हॅलोजन मागून आणला आणि टाकीवर टांगला. काय उजेड पडला सांगू! पण दुपारपर्यंत पाणी कोमट झालं आणि मासे वर येऊन तोंड वासायला लागले. आई हातातलं काम टाकून धावत आली. "अवं, मासे शिजवायलाव काय तुमी?" मग ओल्या पोत्यांनी टाकी गुंडाळली तेव्हा कुठं ते सावरले.

बिदरच्या मासेवाल्या दुकानात निळा दिवा दाखवला. फार सुंदर दिसतो, खरा समुद्र वाटतो. तो म्हणाला, हाच लावा. मग तू नंबर देऊन ठेवलेल्या, अशा टाक्या बसवणाऱ्या हैदराबादच्या रेवणप्पाला फोन केला. तो आपला गुलबर्ग्याकडचाच, त्यामुळं बोलायला मोकळा. तो निळ्याला हात लावू देईना. निळा आपल्या डोळ्यांसाठी, शेवाळासाठी दिवसासारखा पांढरा घ्या, खोक्यावर ६५०० लिहिलेला बघा, आणि पाण्याच्या जवळ पण तापणार नाही असा बसवा. मी तसा आणला, वर पत्र्याचं झाकणही केलं, म्हणजे उजेड सगळा खाली पडावा. आता किती वेळ लावायचा, हे मात्र मी त्याला विचारलंच नाही. ते मला माहीत आहे असं मला वाटलं.

कारण ते तूच शिकवलं होतंस. पंचायतीनं आपल्या बांधावर खांब उभा करून दिवा लावला होता, आठवतं? त्या वर्षी त्या उजेडातली तूर माणसापेक्षा उंच गेली, हिरवीगार, आणि शेंग म्हणून धरली नाही. मी बियाणेवाल्याला शिव्या घालत होतो. तू अकरावीत होतीस, शेतात उभी राहून म्हणालीस, "अप्पा, तुरीला मोठी रात लागते. अंधार न्हाई पडला की तिला फुलायचा वकतच कळत न्हाई." मी खांबावर चढून दिव्याला पोतं बांधलं. लाईनमननं आरडाओरडा केला, पण पुढच्या वर्षी तिथली तूर शेंगांनी वाकली. माझी लेक हुशार आहे हे मी तेव्हा अख्ख्या गावाला सांगत फिरलो होतो.

म्हणून शेवाळालाही मी रात्र दिली. दिवस मावळला की दिवा बंद. आठ-दहा दिवसांत त्याची पानं फिकी पडायला लागली, त्यावर जाळीसारखी नक्षी दिसायला लागली. मला इतका आनंद झाला! आईला हाक मारली, म्हणालो, बघ, पीक फुलोऱ्यात आलं. तिनं काचेला हळदकुंकू लावलं, वर साखर ठेवली. मी रेवणप्पाला फोन करून कौतुकानं सांगायला गेलो तर तो ओरडायलाच लागला. "अण्णा, काय करायलाव तुमी? फिकं पडलेलं समदं आधी उपसा! ते फळलं की मेलं. पाणी दुधावानी व्हतंय, मासे जातेत." हातातला फोन तसाच टाकून मी कोपरापर्यंत हात घालून उपसत बसलो. उपसलेलं म्हशीपुढं टाकलं तर ती मिठासाठी चाटत राहिली, खाल्लं मात्र नाही. रेवणप्पा म्हणाला, या जातीला दिवसरात्र उजेड ठेवा म्हणजे ते फळायला जात नाही, आणि अधूनमधून छाटत राहा. तेव्हापासून दिवा चोवीस तास चालू आहे, लाईट गेली की इन्व्हर्टरवर. शेवाळ पुन्हा हिरवंगार झालंय.

पण शिवू, माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. जन्मभर मी हिरव्याला एकच प्रश्न विचारला, धरलं का? न धरणारी तूर आम्ही उपटून टाकतो. आणि इथं मी फुलू नये म्हणून दिवा जाळतोय, आणि ते न फळताच सगळ्या टाकीला जगवतंय. हे बरोबर कसं आणि तेही बरोबर कसं? ओसरीत बसून मी त्या दिव्याकडे बघत राहतो आणि तुझं बोलणं आठवतं. मूल नको असं आम्ही दोघांनी विचार करून ठरवलंय, अप्पा. तू किती सरळ सांगितलंस. तब्येतीचं काही नाही, भांडण नाही, फक्त नको. मी विचार केला, नोकरीमुळं असेल. मग वाटलं, आमचंच काही चुकलं असेल. कधी वाटतं, शिकवलं तेच वाईट केलं, आणि असं वाटलं की स्वतःचाच राग येतो. तू काही शेवाळ नाहीस आणि तूरही नाहीस, हे मला कळतं. म्हातारा माणूस हाताशी असेल त्यावरूनच विचार करतो, हसू नकोस.

आईला मी सगळं सांगितलं. ती रडली, मग रागावली, मग तुझ्यासाठी शेंगाचटणी करून ठेवली. तिला पटलेलं नाही. ती तुला बोलेल, आणि तू तिला बोलू दे.

आता खरं कारण. परवा तुझ्या सासूबाई, शकुबाई, मंठाळहून आल्या होत्या. शिवप्रसादनं त्यांनाही सांगितलंय. पाणीसुद्धा न घेता म्हणाल्या, "लेकीला समजावून सांगा, न्हाईतर आमाला पोराचं दुसरं बघावं लागंल." मी मुलीचा बाप, अशा वेळी हात जोडायचे असतात एवढंच मला माहीत होतं. हात जोडलेही. पण तोंडातून निघालं, "ते दोघं नवरा-बायकू ठरवतील. माज्या लेकीला मी कायबी सांगणार न्हाई." त्या तशाच उठल्या. मी बरोबर बोललो का चुकलो, मला माहीत नाही. तुझा संसार अवघड करून ठेवला असेल तर तेही कळव. त्या येत्या आठवड्यात गाडीनं कोचीला निघणार आहेत, तुमच्याशी समोरासमोर बोलायला. त्या पोचायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडावं म्हणून घाईनं लिहिलंय. मला नातवंड हवं होतं, शिवू, फार हवं होतं, हे लपवत नाही. तुमचं म्हणणं मला अजून समजलेलंही नाही. पण त्या दारात आल्या की वाकून पाया पड, जेवायला घाल आणि त्यांच्यासमोर मान वर करून बस. तुझा बाप काय म्हणतो असं त्यांनी विचारलं तर सांग, अप्पा माझ्या बाजूनं आहेत.

समजायचं राहिलंय तरी तुझाच,
अप्पा