गव्हावरचं कुंकू

माय, परवा सकाळी तुझ्या नातवाचा फोन आला, दादाच्या मुलाचा. तू जिथे गहू पेरला होतास त्या नदीकाठच्या वावराला लागूनच आता त्याचं सोयाबीन आहे. म्हणाला, "आत्या, पानं पिवळी पडून राहिली. पानी जास्त झालं असन." मी म्हटलं, पान उलटं कर आणि खालून बोट फिरव. थोडा वेळ फोनमध्ये नुसता वारा. मग तो म्हणाला, "बोटाले तांबूस भुकटी लागली वं." मी सांगितलं, तांबेरा दिसतो, आजच्या आज पान घेऊन शेतकी केंद्रात जा, ते सांगतील ते औषध आजच मार, उद्यावर टाकू नको. तो हसला. "तू तर अकोल्याच्या कचेरीत टाइप करत होती. तुले हे कसं मालूम?" मी म्हटलं, शाळेत शिकवलं होतं. शाळेत शिकवलं नव्हतं.

आपण नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, त्या सालचा तो गहू. बाबा तेव्हा चांदूर रेल्वेला रुळांच्या गँगमध्ये होते आणि रविवारीच घरी यायचे. तू तो तुकडा बटईनं घेतलास आणि एकटीनं पेरलास. आपण खायचो ज्वारीची भाकर, पोळी सणाला. पण अमरावतीच्या बोर्डिंगमधल्या बाईंनी सांगितलं होतं की मुलीबरोबर वर्षाचा गहू पाठवा. पेरताना तू मला म्हणालीस, "हा तुह्या नावाचा हाये. यात पाय टाकाचा नाही, रोपं मोडतात. धुऱ्यावरूनच पाखरं हाकल."

नागपूरहून आल्यावर तू देव्हाऱ्यातले देव नदीत सोडलेस, आणि त्यांच्याबरोबर कुंकवाचा करंडाही. शेजारच्या मावशीचा देव्हारा अजून होता. तुम्ही दोघी कापूस वेचायला नेहमी शेजारशेजारच्या ओळी धरायच्या. तिनं तुला सगळ्या बायांसमोर विचारलं, "काहून वं, नवरा जित्ता हाये ना तुहा? मंग कपाळ असं झाडल्यावानी काहून?" तू वेचता वेचताच म्हणालीस, "जित्ता हाये, त्यालेच इचारून सोडलं. तुले करंडा पायजे होता तं आधी सांगाचं, नदीले कायले देला असता?" दोघी किती हसलात. मला हसू आलं नव्हतं. शाळेतल्या मुली मलाही कपाळ मोकळं का म्हणून विचारायच्या. तुझ्या बोटाचा तो रोज सकाळचा स्पर्श कपाळाला होत नाही, एवढंच मला कळत होतं.

पौषातले ढगाळ दिवस आहेत. ओंब्या नुकत्या बाहेर पडताहेत. एक पोपट उडवायला म्हणून मी धुऱ्याचा बांध सोडून आत शिरते, बरीच आत, आणि बाहेर येते तर हात शेंदरी झालेले. पानांवर बारीक पुटकुळ्या, बोट लावलं की भुकटी निघते. मला ती फार सुंदर वाटते. मी नदीवर जाते, पाण्यात पाहून कपाळाला गोल टिकली लावते आणि तशीच घरी येते.

तू चुलीपाशी होतीस, नागपूरला दीक्षेसाठी घेतलेलं ते पांढरं लुगडं नेसून. "कोनं लावलं?" गव्हात शिरले हे सांगायची भीती वाटली. "बोलत काहून नाही? कोनं लावलं?" मी म्हटलं, मावशीनं. तू पदरानं माझं कपाळ पुसलंस, दुखेल इतकं जोरात, आणि तशीच तिच्या दारात गेलीस. "माह्या पोरीच्या कपाळाले हात लावाचा नाही." ती म्हणाली, "देवाची आन, म्या नाही लावलं." तू म्हणालीस, "तुह्या देवाची आन मले नको सांगू." त्या दिवसापासून वेचणीत तुम्ही दोन टोकांच्या ओळी धरू लागलात.

पुढे दहाएक दिवसांनी बाबा गव्हात फिरून आले तर त्यांचं धोतर गुडघ्यापर्यंत शेंदरी झालेलं. शेतकी खात्याचा माणूस सायकलनं आला. पान बोटात चोळून म्हणाला, "आठ दिवस आधी तरी सांगायचं होतं बाई. पहिले ठिपके दिसले तेव्हाच गंधक मारलं असतं, तर काही हाती आलं असतं." तू म्हणालीस, "दिसलंच नाही जी. दिसलं असतं तं रात्रीतून धावत आली असती." मी तुझ्यामागेच उभी होते. तरी तू तीन सकाळी दवात जाऊन फडक्याच्या पुरचुंडीतून गंधक झाडलंस. तुझ्या हातच्या भाकरीलाही तो वास यायचा. शेवटी दाणे निघाले ते जिऱ्यासारखे. मी बोर्डिंगला गेले ती एक वर्ष उशिरा.

पदरावरचा तो डाग धुऊनही थोडा राहिला होता. एकदा तू तो उन्हात धरून बराच वेळ पाहत होतीस. तू जन्म वावरात काढलेला. कुंकू कोणतं आणि तांबेरा कोणता, हे तुला कळलं नसेल असं मला वाटत नाही. पुढच्या साली दुसरं बी पेरलंस आणि या वेळी स्वतःच माझा हात धरून मला गव्हात नेलंस. पान उलटं करून म्हणालीस, "रोज असं बोट फिरवत जाय. तांबडं झालं तं पहिले मले सांगजो. मी मारत नाही." तेव्हा मी सांगायला हवं होतं. मी मान हलवली आणि पुढचं पान पाहिलं.

तो गहू चांगला झाला. पहिली पोळी तू फडक्यात बांधून माझ्याच हाती मावशीकडे पाठवलीस. तिनं ती दोन्ही हातांनी घेतली. म्हणाली, "तुह्या मायले सांग, म्या खरंच नव्हतं लावलं." मी घरी आले. तू विचारलंस, "काय म्हने?" मी सांगितलं, पोळी मऊ झाली म्हणाली. तू "हाव का," म्हणून परत चुलीकडे वळलीस. पुढे तुम्ही बोलू लागलात, पण जेवढ्यास तेवढं. शेजारच्या ओळी काही धरल्या नाहीत.

आता तीही नाही. तिचा निरोप माझ्याकडे राहून गेला होता, तो आज देते. तिनं नव्हतं लावलं, माय. ते आपल्याच गव्हावरचं होतं.

हा कागद पोस्टात टाकायचा नाही. कपाटात तुझ्या लुगड्याच्या घडीत ठेवीन. तुझ्या जिवंतपणी तुला पत्रं लिहिली, ती नेहमी दुसरं कोणी वाचून दाखवायचं म्हणून हे कधी त्यात लिहिलं नाही. आणि खरं सांगू का, आजही लिहायला धीर आला तो तुला वाचता येत नव्हतं म्हणूनच.