गुरुवारच्या मालिकेतला भाऊ

अकोला,
शनिवार, २४ ऑक्टोबर १९६४

चि. सौ. सुभद्रा हिला उद्धवदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. इकडे आम्ही तिघंही ठीक. अनुपमाला पडसं झालं होतं, आता पुन्हा घरभर पळते. जमुनाने अनारशाचे तांदूळ भिजत घातलेत. मी सहामाहीचे पेपर तपासून राहिलो. नववीने यंदा निबंधाचा पार खून पाडला आहे. हे पत्र मुद्दाम आशाबाईंच्या पत्त्यावर धाडतो. गुरुवारी रेडिओ ऐकायला त्यांच्याकडे जाशील तेव्हा तिथेच वाच आणि तिथेच चुलीत घाल.

मालिकेवर तू चार पानं लिहिलीस. चौथ्या पानाच्या कडेला पेन्सिलीने एक ओळ आहे, तीही वाचली. तिच्यावर येतो. आधी मालिका.

तुझं म्हणणं मला सोळा आणे पटलं. ती मालिनी जिन्यावरून दुसऱ्यांदा पडली आणि दुसऱ्यांदा तिची स्मृती गेली. अकरा भागांत दोनदा. अगं, पहिल्या खेपेलाच घरच्यांनी जिन्याला कठडा बसवायचा की नाही? सासू दहा गुरुवार खाष्ट, अकराव्या गुरुवारी देवळात घंटा वाजली आणि बाई एकदम गरीब गाय झाली. नायक श्रीमंत आहे म्हणे, पण त्याचा धंदा काय ते लेखकालाही ठाऊक नसावं. पाऊस आला की छत्री घेऊन हजर व्हायचं, एवढीच त्याला नोकरी. आणि एका वाक्यात मिटेल अशा गैरसमजावर सगळे तीन महिने रडतात. आमच्या नववीतलं पोरगंही असं लिहिणार नाही.

पण तुझा खरा राग त्या मालिनीच्या भावावर आहे. तू लिहिलंस, ‘दादा, ह्या भावाले लेखकानं काहून ठेवलं? येते, चहा पेते, जाते. बहीण समोर रडून राहिली, हा म्हणते तब्येत सांभाळ. असा भाऊ असते काय?’

वाचून आधी हसलो. मास्तरकी करायची म्हणून उत्तरही मनात तयार केलं. पात्र दुबळं असलं तर हरकत नाही, लेखन दुबळं नको. भाऊ गप्प बसतो, तर का गप्प बसतो ते ऐकणाऱ्याला कळायला हवं. लेखकाने ते कारण दिलं नाही, म्हणून तो भाऊ लाकडाचा वाटतो. कारण देता आलं असतं. समजा, मालिनीचं लग्न साट्यालोट्याचं असतं, तिच्या नवऱ्याची बहीण त्याच भावाच्या घरी दिलेली असती, तर

जाऊ दे. मालिनीच्या आड किती वेळ बसू?

तुझी ओळ अशी आहे: ‘दादा, मले घेऊन जाय.’ पाच दिवस ती खिशात घेऊन शाळेत जातो आहे.

सात वर्षांपूर्वी एकाच मांडवात आपली दोन्ही लग्नं लागली. तू सूर्यभानरावांच्या घरी चांदूरला गेलीस, त्यांची बहीण जमुना माझ्या घरी आली. बाबा तेव्हा किती खुशीत होते, आठवतं? ‘त्याइची पोरगी आपल्या घरी, आपली त्याइच्या. कोण कोणाले हात लावन?’ मी बी.ए. झालेला माणूस, मीही मान डोलावली. मलाही तो बंदोबस्त पक्का वाटला. तो बंदोबस्त फक्त हात उचलणाऱ्याच्या कामाचा असतो, हे आपल्या घरात कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

अक्षय्यतृतीयेला मी तुझ्याकडे आलो होतो. तुझ्या दंडावरचे वळ मी पाहिले. निघताना ओट्यावर तू विचारलंस, ‘मामंजींशी बोलला काय?’ मी म्हणालो, विषयच निघाला नाही. खोटं बोललो, सुभद्रे. विषय मीच काढला होता. तुझे सासरे पान लावत होते. शांतपणे म्हणाले, ‘न्या ना मास्तर. तुमची पोरगी तुमच्या घरी बसली, त आमची आमच्या घरी बसन. नातीले तुमी ठेवा.’ आणि सुपारी पुढे केली. मी ती घेतली.

त्यानंतर अमरावतीला वामनराव वकिलांना भेटून आलो. ते म्हणाले, कायदा तुझ्या बाजूचा आहे, आणि जमुनाला बाप न्यायला आला तर तिने जायला नाही म्हणावं, ती सज्ञान आहे. जमुना बापासमोर आजवर वर मान करून बोललेली नाही. त्यांनी नुसतं ‘चाल’ म्हटलं तर ती पोरीला खाली ठेवून जाईल.

आणखी एक सांगायचं आहे. ते सांगायची लाज वाटते.

मंगळवारी तुझी ओळ वाचली तेव्हा जमुना भाकरी थापत होती. तुम्ही दोघी एकमेकींच्या वहिनीच, म्हणून तिने सहज विचारलं, ‘वयनीनं काय लिहिलं?’ आणि मी तिच्यावर हात उगारला. मी, ज्याला वर्गातली पोरं छडी न मारणारा मास्तर म्हणून ओळखतात. क्षणभर मला वाटलं, हिला एक बसली की चांदूरला कळेल, मग सूर्यभानराव तुला मारायचे थांबतील. ती जागची हलली नाही. पिठाचे हात तसेच. म्हणाली, ‘मारा. इकडं मारून तिकडलं थांबत असन, त मारा मले.’

माझा हात खाली आला. थांबणार नाही हे तिलाही ठाऊक, मलाही. मग तिने तव्यावरची भाकरी उलटली, मला वाढलं, आणि मी जेवलो.

भाऊबीजेला येईन. तू ओवाळशील, मी लुगडं देईन, आणि घरभर माणसं असतील, त्यामुळे आपल्याला बोलता येणार नाही. म्हणून हे आताच लिहितो.

सगळं तुझ्यापुढे ठेवलं. आता तू सांग. ‘ये’ एवढं एक अक्षर कार्डावर टाक, मी मिळेल त्या गाडीने येऊन तुला घेऊन जातो, मग जमुनाचं आणि पोरीचं व्हायचं ते होवो. तू ते अक्षर लिहिणार नाहीस. दोन वर्षांच्या अनुपमाची आई तू तोडणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच तुला विचारतो आहे.

तुझा दादा,
उद्धव